मालनमावशी आणि बारा किलो कचरा

मालनमावशींबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. इतकी भांडखोर बाई मी कोपरपासून शहाडपर्यंत दुसरी पाहिली नाही. आणि गेले तीन महिने मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्यांच्या भांडणाचीच.

मी कोपरला एका मराठी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. मालनमावशी आमच्याकडे शिपाई म्हणून लागल्या तेव्हा हीच मुलं तिसरीत होती; आमच्याकडे वर्गाबरोबर बाईही पुढच्या इयत्तेत जातात. शिपाई म्हणजे झाडणं, पुसणं, घंटा देणं, पडलेल्या मुलाचा गुडघा धुणं, सगळंच. नेमणूक कंत्राटी, अकरा अकरा महिन्यांची. शहाडहून लोकलने यायच्या आणि पावणेसातला फाटकात उभ्या असायच्या. उंच, हाडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला आणि आवाज असा की घंटा दिली नसती तरी चाललं असतं.

येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच त्यांनी माझ्या वर्गात राडा केला. मी परिसर अभ्यासाचा धडा शिकवत होते, ओला कचरा आणि सुका कचरा. भिंतीवर मी स्वतः बनवलेला तक्ता होता, थर्माकोलचा, कडेला चमकी लावलेला. मुलं एका सुरात म्हणत होती, "केळ्याची साल, ओला कचरा. बिस्किटाचा कागद, सुका कचरा." मावशी दारात उभ्या राहून दोन मिनिटं ऐकत होत्या. मग आत आल्या, कोपऱ्यातला डबा उचलला आणि सरळ माझ्या टेबलावर पालथा केला.

"अहो मावशी!" मी ओरडले.

"थांबा वो बाई, तुम्ही तोंडानं शिकवताय, मी डोळ्यानं दाखवते."

त्यांनी त्या ढिगातून एकेक पोळी बाहेर काढली. अर्धी, पाऊण, एक तर अख्खी, घडीसुद्धा न मोडलेली. आठ पोळ्या त्यांनी टेबलाच्या कडेला ओळीत मांडल्या. मग दोन पेन्सिली, निम्म्याही न संपलेल्या. चिप्सची पाकिटं. वहीची कोरी पानं, विमानं करून फेकलेली.

"ही मेथीची कोणाची? आं? आईनं पहाटे उठून लाटलीय. कोणाची हाय?"

मुलं आधी फिदीफिदी हसली, मग एकेकाची मान खाली गेली. मावशींनी मग माझ्या तक्त्याकडे बोट केलं.

"आन् बाई, ह्यो तक्ता मे महिन्यात कुठं जाणार?"

"दर वर्षी नवीन करतो आम्ही," मी म्हणाले.

"म्हंजे ह्यो बी कचराच. फक्त भिंतीवर लावलेला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षांची नोकरी माझी आणि ही पंधरा दिवसांची बाई मुलांसमोर माझी शोभा करते! मधल्या सुट्टीत मी तावातावाने मुख्याध्यापकांकडे गेले. आमचे कमलेश सर कोणालाच काही बोलत नाहीत. "बघतो, सांगतो," म्हणाले, आणि त्यांनी काही बघितलं नाही की सांगितलं नाही.

शेवटी मीच मावशींना गाठलं. म्हटलं, "एवढा राग कशाला करता हो? डब्यातच टाकतात ना मुलं, रस्त्यावर तर नाही ना टाकत?"

त्या पाण्याच्या टाकीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या मालकांचा उजवा हात बघायला या एकदा."

त्यांचे यजमान महिपत घंटागाडीवर होते, एका ठेकेदाराकडे. कचऱ्याच्या पिशव्या उचलायच्या आणि गाडीत टाकायच्या. एकदा अशीच गाठ मारलेली पिशवी उचलली, आणि आतलं कर्कटक तळहातात आरपार घुसलं. कंपासपेटीतलं, गंजलेलं, एक टोक मोडलेलं. पिशवी कुठल्याशा शाळेची होती. महिपतरावांना साखर, त्यात जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली, आणि दोन बोटं नसलेला माणूस ठेकेदाराला नको होता.

"त्या पोराचा काय दोष?" मावशी म्हणाल्या. "त्याला कुणी तरी शिकवलेलंच की, डब्यात टाक म्हणून. डब्यात टाकलं म्हंजी गेलं, असं वाटतं सगळ्यास्नी. जात नाय बाई काय. कुणाच्या तरी हातात जातं."

त्या संध्याकाळी घरी जाऊन आमच्या स्वयंपाकघरातली पिशवी उघडून बघितली आणि मला माझीच लाज वाटली. पिशवीत फुटलेला बल्ब होता, नुसताच, कागदातसुद्धा न गुंडाळलेला.

पुढच्या सोमवारी माझ्या वर्गातून डबा गेला. नवा डबा आला नाही. मावशींचा नियम एका वाक्याचा होता: जो कचरा करेल त्याने तो आपल्या घरी न्यायचा. त्यांनी जुन्या युनिफॉर्मच्या पँटी गोळा केल्या, घरच्या मशीनवर चौतीस पिशव्या शिवल्या आणि प्रत्येक मुलाच्या दप्तराला एक बांधली. पेन्सिलीला टोक काढा, सालपट पिशवीत. पोळी उरली, जेवणाच्या डब्यात परत. चॉकलेटचा कागद पिशवीत. शाळा सुटताना मावशी दारात उभ्या राहायच्या आणि बाकाखाली चिटोरा सापडला तर अख्खा वर्ग थांबवून ठेवायच्या. रिक्षावाले काका बाहेर हॉर्न मारून मारून थकायचे.

पालकसभेत व्हायचं ते झालंच. एक आई उभी राहून तणतणली, "आम्ही मुलीला शिकायला पाठवतो की कचरा वाहायला? रोज दप्तरातून घाण घेऊन येते!"

मावशी मागे खुर्च्या लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "घरातूनच आलेली ना ताई? मग घरीच आली. पत्ता चुकली नाय."

सभेत एकदम हशा पिकला. ती आई आणखी भडकली. पण पंधरा दिवसांनी तीच मला फाटकात भेटली. म्हणाली, "बाई, मला माहीतच नव्हतं हो. मी तीन पोळ्या द्यायची, ही एक खायची. रिकामा डबा बघून मला वाटायचं सगळं खाते. आता एकच देते. ती संपवते आणि भूक लागली तर अजून मागते." ही अक्षदाची आई. अक्षदा म्हणजे पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, प्रत्येक गोष्ट अक्षरशः पाळणारी पोर. बाई म्हणाल्या समास दोन बोटांचा, तर ही बोटं ठेवून मोजणार.

तेव्हा मला कळलं की बारा वर्षं मी जे घोकून घेतलं ते सगळं कचरा झाल्यानंतरचं होतं. तो कुठल्या रंगाच्या डब्यात घालायचा, एवढंच. तो होऊच नये, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. मावशींनी ते एक डबा उचलून शिकवलं. वाढदिवसाला चॉकलेटं बंद होऊन पेरूच्या फोडी आल्या. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या झाल्या. दुसऱ्या वर्षी आम्ही चौथीत गेलो, मावशींनी सगळ्या वर्गांतले डबे काढले, आणि दिवाळीपर्यंत अख्ख्या शाळेचा दिवसाचा कचरा त्यांच्या सुपात मावायला लागला. वर त्या मला चिडवायच्या, "काय बाई, यंदा तक्ता नाय केला?"

आणि मग ते पत्र आलं.

शाळांच्या स्वच्छतेची स्पर्धा होती. वरून तपासणी, शंभर गुण, पहिल्या तिघांना फलक. पत्रासोबत तक्ता होता आणि त्यात लिहिलं होतं: प्रत्येक वर्गात हिरवा आणि निळा असे दोन डबे, गुण दहा. डब्यांत वर्गीकरण केलेला कचरा प्रत्यक्ष दिसणे, गुण पंचवीस. डबेच नसतील तर काय, याचा रकाना नव्हता. कचराच नसेल तर, याचा तर नव्हताच.

मी कमलेश सरांना म्हटलं, "सर, आपण त्यांना सांगू ना, आपल्याकडे कचरा होतच नाही."

सर म्हणाले, "वैशालीबाई, पहिलीत यंदा अकरा मुलं आली. अकरा! बाजूच्या इंग्लिश शाळेच्या फाटकावर तीन फलक आहेत. आपल्या फाटकावर एक तरी लागला तर पुढच्या वर्षी पहिली भरेल. नाही भरली तर वर्ग बंद. मग शिकवा कोणाला काय शिकवायचं ते." मला त्यांचा राग आला आणि त्यांचं खरंही वाटलं. त्या खऱ्याखाली मी माझा राग दडपला. तिथेच चुकलं.

डबे आले, नवेकोरे, प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळलेले. ते आवरण हा शाळेतला त्या महिन्यातला सगळ्यात मोठा कचरा होता. पण डब्यांत घालायचं काय? तपासणीच्या आदल्या दिवशी सरांनी सांगितलं आणि मी, होय, मीच, पालकांच्या ग्रुपवर टाकलं: 'उद्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरून एक ओला व एक सुका कचरा आणावा. अनिवार्य.' खाली दोन हात जोडलेले.

हे वाक्य मी आज वाचते तेव्हा माझा मलाच संताप येतो. दोन वर्षं घासून घासून जे बसवलं, ते मी अर्ध्या मिनिटात, अंगठ्याने टाईप करून, उखडून टाकलं.

सकाळी मावशी फाटकात होत्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. मुलं हातात पिशव्या घेऊन येत होती. एक मुलगा फाटकातच उभा राहून पाण्याची सीलबंद बाटली उघडून गटारात ओतत होता, कारण सुका कचरा म्हणजे रिकामी बाटली. एक जण चिप्सचं पाकीट घाईघाईने संपवत होता. सकाळी सात वाजता! मावशी एकेकाला अडवून विचारत होत्या, "हे काय रे? हे कशाला?" तेवढ्यात अक्षदा आली. तिच्या हातात स्टीलचा डबा. मावशींनी झाकण उघडलं. आत गरम पोळी आणि भेंडीची भाजी.

"अगं, ही तर ताजी हाय. खायची ना?"

"नाही मावशी, टाकायचीय. ओला कचरा."

"आं?"

"आमच्याकडे उरतच नाही ना काही. आईने सगळीकडे शोधलं. मग तिने नवीन केली. बाई म्हणाल्या, अनिवार्य."

मावशींनी मान वर करून मला शोधलं. मी पायरीवर उभी होते. त्या तिथूनच कडाडल्या, सगळ्या पालकांसमोर.

"बाई! पोरीला अन्न टाकायला सांगितलंत? तुम्ही? ह्या हातानं पोळी टाकली ना तिनं एकदा, की मग ह्या जन्मात मला तिला थांबवता यायचं नाय. काय करून बसलात वो?"

सर धावत आले, "मावशी, हळू, साहेब येतील आता," म्हणाले आणि त्यांना बाजूला घेऊन गेले. मला पुढचं ऐकू आलं. "तपासणीत विचारतील रोज किती कचरा निघतो. तुम्ही बारा किलो सांगायचं. सात सुका, पाच ओला. बास. तुमची नेमणुकीची ऑर्डर संपतेय ना पुढच्या महिन्यात? माझ्याच सहीने व्हायचीय." आयुष्यात कोणावर न ओरडलेला माणूस, पण धमकी अगदी बेताची दिली.

अक्षदाने पोळी हिरव्या डब्यात टाकली. टाकताना तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

तपासनीस ठाण्याहून आले ते शाळा सुटायच्या बेतात. बिचारे दमलेले दिसत होते. त्यांची ती दिवसातली चौथी शाळा होती. हातात टॅब. आधी डब्यांचे फोटो झाले. मग त्यांनी माझ्या वर्गात, चौतीस मुलांसमोर, मावशींना विचारलं, "मावशी, रोज किती किलो कचरा जमा होतो?"

मावशींनी सरांकडे बघितलं नाही. "आज बारा किलो, साहेब," त्या म्हणाल्या. "घरून आणवलाय. रोज म्हणाल तर सूपभर. पोरं कचरा करत नायत. शिकलीत ती."

मला वाटलं, झालं, आता हे गृहस्थ खुर्चीवरून उठून या बाईला नमस्कार करतील. त्यांनी टॅबवर काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं. "किलोत सांगा हो. एकाच्या खाली घेत नाही हे. आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

सर पटकन म्हणाले, "साहेब, त्या नवीन आहेत. वैशालीबाई वर्गशिक्षिका आहेत, त्यांना विचारा. बाई, सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीही. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आता मी बोलणार याची खात्री होती. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर तो नियम चालवला होता. त्यांच्या बाजूने बोलेल असं त्या खोलीत दुसरं कोण होतं?

मी म्हणाले, "मावशींचा गोंधळ झाला, सर. बारा किलो बरोबर आहे."

पुढचं पान उघडलं.

आम्हाला तिसऱ्या क्रमांकाचा फलक मिळाला. फाटकावर लागला. पुढच्या महिन्यात मावशींची ऑर्डर झाली नाही. कारण विचारलं तर सर म्हणाले, "कंत्राट संपलं, बाई. मी काय करणार?" निरोप नाही, नारळ नाही. त्या त्यांची चप्पल आणि टाकीपाशी ठेवलेला स्टीलचा पेला घेऊन गेल्या.

डबे मात्र राहिले, कारण आता दर महिन्याला फोटो पाठवावा लागतो. आणि ते भरायला लागले. आधी पेन्सिलीची सालपटं, मग कागद, मग अर्धी पोळी. दप्तराच्या पिशव्या एकेक करून नाहीशा झाल्या. परवा मी हिरव्या डब्यात अख्खं केळं बघितलं, न सोललेलं. मी ओरडले, "कोणाचं हे?" तर एक मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, डब्यातच टाकलंय." तक्त्याप्रमाणे त्याचं बरोबर होतं. मी हातातला खडू मोडून फेकला, आणि तोही जमिनीवर.

त्या रविवारी मी शहाडला गेले. मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. महिपतराव आत होते. त्यांनी तीन बोटांच्या हाताने पाण्याचा तांब्या आणून दिला. मी माफी मागायला लागले. मावशींनी सूप आपटलं.

"माझी कशाला मागता? मला दुसरीकडं काम मिळालं, दोन दिसांत. मी काय रडत बसले नाय. माफीच मागायची तर त्या पोरीची मागा. तिच्या हातनं ताजी पोळी टाकून घेतलीत, आन् वर तिच्यादेखत खोटं बोललात. जा. आन् इथं येऊन टिपं गाळू नका, मला राग येतो."

मी सोमवारी सरांना लेखी दिलं. तपासणीत सांगितलेला आकडा खोटा होता, तो मी सांगितला, मावशी खरं बोलल्या होत्या, त्यांना परत घ्या, आणि हे पत्र वर पाठवा. खाली सही केली. सरांनी दोनदा वाचलं. "बाई, विचार करा. फलक जाईल," म्हणाले. मी म्हटलं, "तीन महिने विचारच करत होते." पत्राचं पुढे काय होईल मला माहीत नाही. माझंही काय होईल माहीत नाही.

मग मी वर्गात गेले. हजेरी घेतली नाही. चौतीस मुलांसमोर उभी राहिले आणि अक्षदाला म्हटलं, "अक्षदा, तुझी पोळी मी टाकायला लावली, ती माझी चूक. मी माफी मागते. आणि त्या दिवशी मी साहेबांना खोटं सांगितलं. बारा किलो खोटं होतं."

अक्षदा उठून उभी राहिली, बाईंनी नाव घेतलं की उभं राहायचं असतं म्हणून. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"माहीत आहे, बाई," ती म्हणाली. "आम्ही सगळे वर्गातच होतो ना."